सँ-दोमँगची साखर आणि ती पिकवणारी माणसे

१७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती सुरू झाली, तेव्हा त्या देशाची सर्वांत श्रीमंत वसाहत, सँ-दोमँग (आजचे हैती), कॅरिबियन समुद्रात होती. हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिम भाग १६९७ च्या तहाने स्पेनने फ्रान्सकडे सोडला होता आणि शंभर वर्षांच्या आत युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे चाळीस टक्के साखर व निम्म्याहून अधिक कॉफी एकट्या सँ-दोमँगमधून येऊ लागली. नांत आणि बोर्दो या बंदरांतील व्यापाऱ्यांच्या दगडी हवेल्यांमागे याच व्यापाराचा पैसा होता. वसाहतीत सुमारे पाच लाख माणसे गुलामीत होती, तर गोरे तीस-चाळीस हजारच होते.

ज्यांनी आपल्याकडचे गुऱ्हाळ पाहिले आहे, त्यांना या मळ्यांवरील चरक, चुलाणे आणि रांगेने मांडलेल्या काहिली ओळखीच्या वाटतील. तोडलेल्या उसाचा रस लवकर आंबतो, म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस फिरत असे. त्याच्या उभ्या रुळांमध्ये ऊस सारण्याचे काम बहुधा बायकांकडे असे. जागरणाने डुलकी लागून एखादीची बोटे रुळांत सापडली, तर हात तोडून जीव वाचवता यावा म्हणून कॅरिबियन मळ्यांवर चरकाशेजारी धारदार हत्यार ठेवत. असे अपघात होणार हे मालकांना ठाऊक होते. त्यावर त्यांनी केलेली तजवीज ही एवढीच.

आफ्रिकेतून आणलेल्यांपैकी जवळपास निम्मी माणसे काही वर्षांतच दगावत. तरीही मालकाचा हिशेब तोट्यात जात नसे, कारण मुले जगवून वाढवण्यापेक्षा जहाजातून आलेला नवा माणूस उधारीवर विकत घेणे त्याला स्वस्त पडे. १६८५ च्या फ्रेंच कायद्याने गुलामांना जंगम मालमत्ता ठरवले होते, त्यामुळे वारसांमध्ये भांड्यांबरोबर माणसांचीही वाटणी होऊ शकत असे. महिनाभर पळून राहिलेल्याचे कान कापावेत आणि खांद्यावर डाग द्यावा, असे त्याच कायद्यात लिहिले होते.

वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांनी दिवसा किंवा रात्री, लग्नाच्या निमित्तानेही एकत्र जमू नये, असेही त्यात एक कलम होते. सत्ताधाऱ्यांना नेमकी कशाची धास्ती होती, हे त्या कलमावरून कळते. कांगो, दाहोमे, योरुबा अशा निरनिराळ्या प्रदेशांतून आलेल्या, एकमेकांची बोली न समजणाऱ्या या माणसांनी मळ्यावरच क्रेओल ही नवी सामाईक भाषा घडवली. पोटापुरत्या दिलेल्या जमिनीच्या तुकड्यावर ती रताळी आणि कसावा पिकवत, उरलेले रविवारच्या बाजारात विकत, आणि त्या बाजारांत मळ्यामळ्यांच्या बातम्याही फिरत.

बाप्तिस्मा सक्तीचा होता, पण पूजा त्यांनी आपलीच टिकवली. सेंट पॅट्रिकच्या चित्रात पायाशी साप दिसतात; त्या चित्रात त्यांनी दांबाला या आपल्या सर्पदेवतेला पाहिले. भुईवर पिठाने देवतांची चिन्हे रेखायची आणि ढोलाच्या तालावर देवतेला अंगात बोलवायचे, ही व्होडू पंथाची रीत. पूर्वी एकमेकांना परकी असलेली माणसे या पूजेत एका कुळाची होत, आणि माझ्या मते पुढच्या उठावाचा खरा पाया हाच होता. कवायती सैन्य, शस्त्रे, पैसा यांतले काहीच त्यांच्याकडे नव्हते. परस्परांवरचा विश्वास मात्र त्यांनी स्वतः, पिढ्यानपिढ्या कमावला होता.

ऑगस्ट १७९१ मध्ये ब्वा-कायमान येथे पूजेसाठी जमाव झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच बुकमान दुत्तीसारख्या पुढाऱ्यांच्या मागे उत्तरेकडील मैदानातले गुलाम उठले. ऊस पेटला, चरक मोडले, शेकडो मळे जळाले. तूसाँ लूव्हेर्त्यूर यांनी या उठावातून शिस्तबद्ध सेना उभी केली. पुढे नेपोलियनच्या फौजेने त्यांना कैद करून फ्रान्सला नेले, तरी लढा थांबला नाही आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र जन्माला आले.

१८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून, मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. ही रक्कम मळे आणि गुलाम गमावलेल्या जुन्या मालकांसाठी होती. स्वतंत्र झालेल्या माणसांना आपल्याच सुटकेचे पैसे भरावे लागले. रक्कम १८३८ मध्ये ९ कोटींवर आली खरी, पण तिच्यापायी काढलेल्या कर्जांची फेड १९४७ पर्यंत चालू राहिली.