पाठ टेकली, तरी लढत सुरू

(दृश्य: पहाट, कोपरखैरणे. गाळ्याचं शटर वर जातं.)

वाशीच्या बाजारात पोती वाहणाऱ्या माथाडींची ही वस्ती. बहुतेकांचं गाव सातारा-सांगलीकडं. यात्रेतले कुस्तीचे फड पाहिलेल्या जुन्या माणसांच्या लेखी निकाल एकच: पाठ टेकली, चितपट, संपलं.

त्यांचीच नातवंडं या गाळ्यात मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकतात, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकाच लढतीत. इथं उताणा पडलेला पोरगा पाय वर घेतो, समोरच्याची मान आणि एक हात मांड्यांत आवळतो, आणि वर बसलेलाच मॅटवर थाप मारतो. थाप म्हणजे टॅप. हार कबूल, पंच तिथंच लढत थांबवतात.

कुस्तीतून आलेला भरत कंदारे २५ नोव्हेंबर २०१७ला शांघायमध्ये यूएफसीत, या खेळाच्या मोठ्या अमेरिकी स्पर्धेत, उतरला. समोर चीनचा सॉन्ग यादोंग. निकाल: पहिल्याच फेरीत भरत हरला, गिलोटिन चोकनं, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळण्याच्या डावानं. कुस्तीत गळा आवळायला बंदी, त्यामुळं पैलवानाला मान जपायची सवयच नसते. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, तो डोकं खाली घालून शिरतो, आणि मान नेमकी समोरच्याच्या काखेत सापडते. इथल्या पोरांकडून सर हाच शिरकाव, डोकं वर ठेवून, शंभरदा करून घेतात.

ठोशानं कुणी आडवा झाला तर प्रश्नच मिटतो. पण पाच-पाच मिनिटांच्या तिन्ही फेऱ्या निघाल्या, की गुणांचा कागद बोलतो. तीन परीक्षक, फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९.

८ जून २०२४, अमेरिकेतलं लुईव्हिल. मुझफ्फरनगरची पूजा तोमर, समोर ब्राझीलची रेयान दोस सांतोस. एका परीक्षकानं तिन्ही फेऱ्या पूजाला दिल्या, ३०-२७. दुसऱ्यानं तिन्ही रेयानला. तिसऱ्याचा कागद २९-२८, पूजाच्या बाजूनं. यूएफसीत जिंकलेली पहिली भारतीय महिला ठरली ती, एका गुणाच्या फरकानं! निकालाच्या तक्त्यात मात्र फक्त ‘स्प्लिट डिसिजन’, म्हणजे परीक्षकांत दुमत, एवढंच छापून येतं. मला तो तक्ता फार अपुरा वाटतो.

पुढच्या मार्चमध्ये, लंडनला, आयर्लंडच्या शॉना बॅननविरुद्ध दुसऱ्या फेरीत पूजाचा हात आर्मबारमध्ये, कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीत, अडकला. टॅप.

(दृश्य: मॅट. दोन मुली.)

आजचा धडा तोच. हात अडकलेली मुलगी दोन्ही तळवे घट्ट गुंफते, छाती पुढं रेटते. गुंफण सुटते. कोपर सरळ व्हायच्या आत तिचा मोकळा हात दोनदा मॅटवर वाजतो. पुन्हा पहिल्यापासून.