रात्री नऊनंतरची शिवी

श्रोतेहो, नमस्कार.

१९९९ साली न्यूझीलंडच्या टीव्हीवर एक जाहिरात लागायची. टोयोटा हायलक्स या गाडीची, म्हणजे आपण ज्याला पिकअप म्हणतो तसल्या गाडीची. एका शेतकऱ्यानं ही गाडी नवीन घेतली आहे आणि तिच्यात जोर किती आहे याचा त्याला अजून अंदाज आलेला नाही. त्यामुळे शेतावरचं एकही काम धड होत नाही. काही ओढून काढायला जावं तर ते मोडूनच बाहेर येतं. चिखल उडतो तो बायकोनं नुकत्या वाळत घातलेल्या धुण्यावर. दर घोटाळ्याला एकच शब्द ऐकू येतो, ‘बगर’. अख्ख्या जाहिरातीत दुसरा संवाद जवळजवळ नाहीच. शेवटी घरचा कुत्रा गाडीच्या हौद्यात उडी घ्यायला जातो, गाडी झटक्यात सुटते आणि कुत्रा सपशेल चिखलात. मग तोही म्हणतो, ‘बगर’.

या कुत्र्याचं नाव हर्क्युलीस. जाहिरातीनंतर तो तिकडं घरोघरी ओळखीचा झाला.

आता हा शब्द मी तुमच्या घरात, कदाचित जेवणाच्या वेळी, बिनधास्त उच्चारला. काचेपलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रकांची भुवईसुद्धा हललेली नाही. याच्या तोडीचा मराठी शब्द मी घेतला असता तर हे भाषण तिथंच कापलं गेलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. इंग्रजी कोशात बघायला गेलात तर या शब्दाचा मूळ अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही. पण न्यूझीलंडच्या शेतावर तो अर्थ कधीचाच झडून गेला आहे. दूध उतू गेलं, बस चुकली, किल्ली घरात राहिली आणि दार ओढलं गेलं, की तोंडातून निघतो तो हा शब्द.

शिवाय हा देश कोणता, तर एडमंड हिलरींचा. १९५३च्या मे महिन्यात एव्हरेस्टवरून उतरताना खाली थांबलेल्या जॉर्ज लोव्ह या मित्राला त्यांनी शिखर सर केल्याची बातमी दिली तीच मुळी एक शिवी हासडून. आणि ती शिवी होती डोंगराला! त्या देशात अशा बोलण्याला उद्धटपणा म्हणत नाहीत. मोकळा, मातीतला माणूस असंच बोलणार, असं धरून चालतात.

तरीही तक्रारी आल्याच. जाहिरातींच्या तक्रारी ऐकणारं तिथं एक मंडळ आहे, त्याच्याकडे १२० तक्रारी गेल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण ३८ लाख. मंडळानं विचार केला आणि तक्रारी फेटाळल्या. या शब्दानं लोक गंभीरपणे दुखावले जातील असं मंडळाला वाटलं नाही.

ज्यांनी तक्रार केली त्यांची टर उडवणं फार सोपं आहे. मला ती उडवावीशी वाटत नाही. सिनेमाचं तिकीट आपण काढतो, पुस्तक आपण विकत आणतो. जाहिरातीला कुणी बोलावलेलं नसतं. तुम्ही क्रिकेट बघत बसलेले असता, खोलीत आजी असते, शेजारचे काका पेपर वाचत असतात, सहा वर्षांचं पोर जमिनीवर गाड्या खेळत असतं. षटक संपतं आणि जाहिरात घुसते. रिमोट नेमका आजीच्या मांडीखाली असतो. अशा वेळी एकटे असता तर खो खो हसला असता असा माणूससुद्धा छताकडे बघायला लागतो. पोरानं तो शब्द उचलला आणि सोमवारी शाळेत बाईंसमोर म्हटला की निस्तरायचं आईवडिलांनी. जाहिरात कंपनीचा माणूस शाळेत येऊन माफी मागत नाही.

आता ऑस्ट्रेलियाकडे येतो, कारण खरी गंमत तिथली आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारी पर्यटन खात्यानं जगभर एक मोहीम काढली. खर्च १८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. जाहिरातीत वेगवेगळी माणसं पाहुण्यासाठी काय काय तयारी केली ते सांगतात. तुमच्यासाठी बिअर ओतून ठेवलीय, उंटांना शाम्पू लावून झालाय, तलावातून शार्क बाहेर काढलेत. शेवटी समुद्रकिनाऱ्यावर उभी असलेली लारा बिंगल नावाची तरुणी विचारते, एवढं सगळं केलं, मग तुम्ही आहात कुठं? या प्रश्नात ‘ब्लडी हेल’ हे दोन शब्द घातलेले होते. आपल्याकडे लग्नाला उशिरा पोचणाऱ्या मित्राला आपण फोनवर ज्या प्रेमानं झापतो, तोच सूर.

ब्रिटनमध्ये त्या वेळी टीव्हीवर जाण्याआधी जाहिराती तपासणारी एक संस्था होती. तिनं ही जाहिरात अडवली. ऑस्ट्रेलियात हसावं की चिडावं असं झालं, कारण ‘ब्लडी’ हा शब्द मुळात ब्रिटनहूनच बोटीत बसून तिकडं गेलेला! ऑस्ट्रेलियाच्या पर्यटनमंत्री फ्रॅन बेली लारा बिंगलला घेऊन थेट लंडनला गेल्या. मंत्रिमहोदया एका शिवीची वकिली करायला विमानानं निघाल्या आहेत, असं दृश्य पुन्हा कधी दिसायचं? बंदी उठली. पण मे महिन्यात अट आली, टीव्हीवर ही जाहिरात रात्री नऊच्या आधी दाखवायची नाही.

याच लंडनमध्ये १९१४ साली, ‘पिग्मॅलियन’ नाटकाच्या प्रयोगात, मिसेस पॅट्रिक कॅम्बेल या नटीनं रंगमंचावरून ‘ब्लडी’ हा शब्द उच्चारला होता आणि गावभर खळबळ उडाली होती. ‘ती फुलराणी’ ज्या नाटकावरून आली तेच हे नाटक. तेव्हाच्या प्रेक्षकांना धक्का बसला आणि ते पोट धरून हसलेही. ९२ वर्षांनी त्याच शहरात त्याच शब्दाची पुन्हा छाननी झाली, म्हणजे शिव्या वाटतात तितक्या लवकर म्हाताऱ्या होत नाहीत.

कॅनडाची तऱ्हा आणखी निराळी. तिथं ‘ब्लडी’बद्दल फारसं कुणाला काही वाटलं नाही. तिथं खटकला दुसरा शब्द, ‘हेल’, म्हणजे नरक. आणि त्याहून खटकली पहिल्या वाक्यातली बिअर! सिंगापूरमध्ये तर दोन्ही शब्द काढून नुसता सभ्य प्रश्न ठेवला, तुम्ही कुठं आहात? पोस्टमनसुद्धा याहून जास्त जिव्हाळ्यानं विचारतो.

मोहीम एकच, पण तीन देशांत तीन ठिकाणी काट बसली. विनोदाला परवाना लागतो तो हा. शिवी कुणी कुणाला द्यायची हे ज्या घरात ठरलेलं असतं तिथंच ती हलकी वाटते. ऑस्ट्रेलियन माणूस आपल्या माणसाला ‘ब्लडी’ म्हणतो तेव्हा ते लाडानं असतं. तेच वाक्य सरकारी पैशानं परक्या देशाच्या दिवाणखान्यात जाऊन म्हणायचं म्हटलं, की समोरचा विचारणारच, आपली एवढी ओळख आहे का?

मग काही हुशार लोकांनी शिवी न देता शिवी द्यायची युक्ती काढली. बुकिंग डॉट कॉम या हॉटेल-आरक्षणाच्या कंपनीनं ब्रिटनमध्ये दाखवलेल्या जाहिरातीत लोक हॉटेलच्या खोलीचं दार उघडतात, आणि निवेदक आनंदानं ओरडतो. जिथं इंग्रजीत एरवी एक अर्वाच्य शब्द बसला असता, नेमक्या त्या जागी तो ‘बुकिंग’ म्हणतो. बघा काय बुकिंग देखावा आहे! ऐकणाऱ्याच्या कानात गाळलेला शब्दच वाजतो. २०१४ साली या जाहिरातीविरुद्ध १,७६८ तक्रारी गेल्या. त्या वर्षी ब्रिटनमधल्या सर्वाधिक तक्रारींच्या यादीत ती दुसरी होती. पोरं हेच शिकतील, ही मोठी चिंता. तिथल्या जाहिरात-नियामक संस्थेनं तक्रारी मान्य केल्या नाहीत. खेळकर कोटी आहे, आणि प्रत्यक्ष शिवी कुठंही उच्चारलेली नाही, असं तिचं मत पडलं.

आता हा आकडा लक्षात ठेवा, आणि २००७मध्ये या. ऑस्ट्रेलियाचा तोच ‘ब्लडी हेल’वाला प्रश्न ब्रिटनच्या रस्त्यांवर मोठमोठ्या फलकांवर लागला होता. तक्रारी आल्या ३२. फक्त ३२. आणि याच संस्थेनं फलक उतरवायला लावले! सतराशे अडुसष्ट तक्रारी वाया गेल्या आणि बत्तीस कामी आल्या. तक्रारींची मतमोजणी होत नसते, हे यावरून कळावं. रस्त्यावरच्या फलकाला रात्रीचे नऊ वाजत नाहीत. सकाळी आठला शाळेच्या बसमधून मूल त्याच्याकडे बघतं आणि शेजारच्या मित्राला मोठ्यानं वाचून दाखवतं. टीव्हीवर तोच शब्द रात्री उशिरा चालला, कारण त्या वेळी समोर कोण बसलंय याचा काही अंदाज करता येतो. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. शब्द तोच, पण वेळ आणि जागा बदलली.

आपल्याकडे ही नऊची रेघ ओढणं कठीण. नऊला आपल्या कितीतरी घरांत कुकरची शिट्टी व्हायची असते. पोरं जागी, आणि मॅच तर निम्मीसुद्धा झालेली नसते. आपल्या केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांत जाहिरातीनं सभ्यता, नीतिमत्ता आणि धार्मिक भावना दुखवू नयेत असं लिहिलं आहे. जाहिरातदारांनीच १९८५मध्ये मुंबईत स्थापन केलेली जाहिरात मानक परिषद आहे. तिच्या संहितेतही प्रचलित सभ्यतेच्या कसोटीवर लोकांना गंभीर क्षोभ होईल असं काही नको, असंच म्हटलंय. न्यूझीलंडच्या मंडळानं लावली ती कसोटी साधारण हीच. फरक उत्तरात पडतो, कारण प्रचलित काय ते प्रत्येक समाजाचं वेगळं.

आणि आपल्या जाहिरातवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते शिवीच्या वाटेला सहसा जात नाहीत. ते सूचक बोलतात. डोळा मारतात, वाक्य अर्धवट सोडतात, बाईला लाजायला लावतात. २००७ साली माहिती-प्रसारण मंत्रालयानं अंतर्वस्त्रांच्या दोन जाहिराती बंद करायला लावल्या, त्या अशा आडवळणाच्या चावटपणामुळे. त्यांत शिवी कुठंच नव्हती. मला विचाराल तर असल्या आडपडद्याच्या चावटपणापेक्षा चिखलात पडलेल्या कुत्र्याचं ते रोखठोक ‘बगर’ मला जास्त निर्मळ वाटतं. त्यात कुणाची बेअब्रू नाही, कुणाच्या आईबहिणीचा उद्धार नाही. चुकलेल्या उडीवरचा वैताग आहे, इतकंच.

जाहिरात बनवणाऱ्यांच्या धूर्तपणाबद्दल एवढं सांगून थांबतो. तक्रारीची भीती त्यांना असते, पण तक्रारीची बातमी झाली तर ती फुकटातली जाहिरात. लंडनमधल्या बंदीमुळे ज्यांनी ती समुद्रकिनाऱ्याची जाहिरात कधी पाहिलीही नसती, त्यांनी मुद्दाम शोधून पाहिली. तेव्हा एखादी जाहिरात खरंच खटकली, तर तारीख, वेळ, वाहिनी लिहून शांतपणे परिषदेकडे तक्रार पाठवा. ‘बघा बघा, काय दाखवतात’ म्हणून ती चित्रफीत शंभर जणांच्या फोनवर ढकलू नका. ते काम कंपनी पैसे देऊन करून घेत असते, तुमच्याकडून कशाला फुकट?

नमस्कार.