नाव पुसलं, माणूस राहिला

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. सरकारच्या कपाटातली लोकांची माहिती दुसऱ्याच्या हाती द्यायची कशी, आणि ती देताना डोळ्यांत तेल घालून बघायचं कुणी? देश ऑस्ट्रेलिया. तिथे 1 एप्रिल 2022 पासून यासाठी वेगळा कायदा आहे आणि त्यावर देखरेख करायला राष्ट्रीय डेटा आयुक्त आहेत. या आयुक्तांनी आधी कशाकडे बघायचं आणि नंतर कशाकडे, ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी 2016 सालचा एक किस्सा. तो कळला की बाकीचं निम्मं आपोआप कळतं, आणि खरं सांगायचं तर मला तोच सांगायची हौस जास्त.

ऑस्ट्रेलियात मेडिकेअर नावाची सरकारी आरोग्य योजना आहे. डॉक्टरकडे गेलात, रक्त तपासलंत, अनुदानाचं औषध घेतलंत, की सरकारदरबारी एक ओळ वाढते. अशा ओळी वर्षानुवर्षं साठत गेल्या. ऑगस्ट 2016 मध्ये आरोग्य खात्याने त्यातून दहा टक्के लोकांचा नमुना काढला, म्हणजे सुमारे 29 लाख माणसं, आणि त्यांच्या 1984 ते 2014 पर्यंतच्या नोंदी सरकारच्या खुल्या संकेतस्थळावर ठेवून दिल्या. या आणि उतरवून घ्या, कुणाचीही आडकाठी नाही.

हेतू चांगलाच होता. संशोधकांना अशी माहिती म्हणजे घबाड. आणि खात्याने काळजी घेतलीच नव्हती, असंही नाही. नावं काढली, पत्ते काढले. जन्माचं फक्त वर्ष ठेवलं. उपचारांच्या तारखा दोन आठवड्यांपर्यंत मागेपुढे सरकवल्या. फार दुर्मीळ उपचार गाळले. रुग्णांचे आणि डॉक्टरांचे क्रमांक सांकेतिक केले. ते कसे केले, याची पद्धतही सांगून टाकली.

पद्धत उघड करण्यात काही वावगं नाही बरं का. चांगलं कुलूप तेच, ज्याची रचना साऱ्या गावाला ठाऊक असली तरी किल्लीशिवाय उघडत नाही. इथे कुलूपच कच्चं निघालं.

मेलबर्न विद्यापीठातले तीन संशोधक, ख्रिस कल्नेन, बेंजामिन रुबिनस्टाईन आणि व्हनेसा टीग, यांच्या ते सप्टेंबरमध्येच लक्षात आलं. डॉक्टरांचे सांकेतिक क्रमांक उलगडता येत होते. त्यांनी गाजावाजा केला नाही. आधी खात्याला कळवलं. खात्यानेही लगेच ती माहिती संकेतस्थळावरून काढून टाकली. पण इंटरनेटवर एकदा ठेवलेली वस्तू परत मिळते थोडीच? तोवर ती बऱ्याच जणांच्या संगणकांवर जाऊन बसली होती.

आता सरकारने काय करावं? त्या तिघांना चहाला बोलवावं, असं तुम्ही म्हणाल. तेव्हाचे अॅटर्नी जनरल, म्हणजे तिथले कायदामंत्री, जॉर्ज ब्रँडिस यांनी महिनाअखेरीस जाहीर केलं, की सरकारने प्रसिद्ध केलेल्या निनावी माहितीतून माणूस ओळखून काढणं हा यापुढे गुन्हा ठरेल. ऑक्टोबरमध्ये विधेयक आलंही. दोन वर्षांपर्यंत कैद, आणि तीही पूर्वलक्षी, घोषणेच्या वेळेपासून लागू! म्हणजे कुलूप कच्चं आहे असं सांगणाऱ्याच्याच हातात बेडी. ते विधेयक पुढे मंजूर झालं नाही, 2019 मध्ये संसदेच्या मुदतीबरोबर बारगळलं. झालं ते बरंच झालं.

पण किस्सा इथे संपत नाही. डिसेंबर 2017 मध्ये त्याच तिघांनी दुसरा अहवाल काढला आणि या वेळी विषय होता रुग्णांचा. यात संकेत उलगडायची गरजच पडली नाही, श्रोतेहो. समजा, एक महिला खासदार आहे. तिचं जन्मवर्ष सगळ्यांना माहीत. तिला मुलं कधी झाली, ते वर्तमानपत्रांत छापून आलेलं. मग त्या वर्षी जन्मलेल्या आणि साधारण त्याच तारखांना बाळंत झालेल्या बायका त्या ढिगातून शोधायच्या. एका मुलाच्या तारखेवर कितीतरी ओळी उरतात. दुसऱ्या मुलाची तारीख लावली की मूठभर. तिसऱ्याची लावली, की बहुधा एकच. खेळाडूचं तर आणखी सोपं. कुठल्या सामन्यात गुडघा गेला आणि शस्त्रक्रिया कधी झाली, हे क्रीडापानावरच असतं.

अशा सात नामवंत व्यक्तींशी जुळणारी एकेक नोंद त्यांना सापडली. त्यात आजी-माजी मिळून तीन खासदार होते, एक फुटबॉलपटू होता. त्यांनी नाव कुणाचंच फोडलं नाही. शिवाय हेही प्रामाणिकपणे लिहिलं, की नमुना दहाच टक्के लोकांचा असल्यामुळे जुळलेली नोंद दुसऱ्याच कुणाची असू शकते. पण जर ती त्याच व्यक्तीची असेल, तर त्या एका ओळीमागून तीस वर्षांच्या तपासण्या आणि औषधं आली. कुणालाही सांगितलेली नसतील, तीसुद्धा.

म्हणून सांगते, नाव काढलं म्हणजे माणूस निघून जात नाही. पुन्हा सांगते, नाव काढलं म्हणजे माणूस निघून जात नाही. जन्मवर्ष आणि दोन-तीन तारखा पुरतात.

आणि यावरून आठवलं. हल्ली कुठलाही फॉर्म घ्या, पूर्ण जन्मतारीख मागतात. वाचनालयाच्या सभासदाची जन्मतारीख कशाला हवी? केक आणणार आहेत का? लोकही निमूटपणे भरून देतात. माझं जुनं दुखणं आहे हे, जाऊ दे.

तर 2018 मध्ये तिथल्या गोपनीयता आयुक्तांनी या प्रकरणात आरोग्य खात्यावर ठपका ठेवला, आणि कारभार सुधारण्याची लेखी हमी घेतली. मग 2022 चा कायदा आला. त्याच्या मुळाशी पाच प्रश्न आहेत. काम कशासाठी? माणसं कोण? माहिती हाताळायची कुठे? माहितीतला किती भाग द्यायचा? आणि बाहेर काय पडणार? ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयात रुळलेला हा विचार. बघा, माहितीतली नावं पुसणं हा या पाचांपैकी एकाच प्रश्नाचा तुकडा आहे. 2016 मध्ये तेवढ्याच तुकड्यावर सगळी भिस्त होती.

त्यामुळे डेटा आयुक्तांची पहिली नजर असायला हवी माणसांवर. या कायद्याखाली माहिती संकेतस्थळावर टाकून मोकळं व्हायचं नाही. ती मिळते फक्त मान्यताप्राप्त संस्थांना, म्हणजे केंद्राच्या आणि राज्यांच्या सरकारी संस्था आणि ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं. खासगी कंपन्यांना दार बंद. दुसरी नजर हेतूवर. सरकारी सेवा देणं, धोरण आणि कार्यक्रम आखणं, संशोधन, हे तीनच हेतू चालतात. गुन्हे पकडायला, दंड वसूल करायला ही वाट नाही.

हे शेवटचं का महत्त्वाचं, ते ऑस्ट्रेलियन माणसाला विचारायला नको. 'रोबोडेट' नावाची सरकारी वसुली त्याने सोसलीय. कर खात्याकडचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, त्याला 26 ने भागायचं आणि दर पंधरवड्याला माणसाने तेवढेच कमावले असं धरून चालायचं. मग भत्ता घेणाऱ्या गरिबाला नोटीस, की तू जास्त उचललास, परत कर. हंगामी काम करणारा कधी पंधरवड्याला सारखं कमावतो का? हा हिशोब बेकायदा होता. 2023 मध्ये रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, त्यावर कडक अहवाल दिला. तिथे कुणाची माहिती चोरीला गेली नव्हती. एका सरकारी खात्याकडून दुसऱ्या सरकारी खात्याकडेच गेली होती.

बरं, याची दुसरी बाजूही आहे. माहिती दाबून बसणारे अधिकारी मला त्याहून कमी त्रासदायक वाटत नाहीत. कोविडच्या काळात तिथे लसीकरणाच्या नोंदी इतर सरकारी माहितीशी जोडल्या, म्हणून कुठल्या भाषेचे, कुठल्या वस्तीतले लोक मागे राहिले ते दिसलं. न जोडून काय मिळालं असतं? म्हणून या कायद्यात एक तरतूद मला मनापासून आवडते. माहिती द्यायलाच हवी अशी सक्ती कुठल्याच खात्यावर नाही. पण मान्यताप्राप्त संस्थेला नकार दिला, तर कारण लेखी द्यावं लागतं. नुसतं 'गोपनीय आहे' म्हणून फाइल मिटता येत नाही.

आणि माहिती दिली तर करार करावा लागतो, आणि आयुक्तांकडे त्याची नोंद होते. ती नोंदवही सगळ्यांना खुली. कुणी, कुणाला, कशासाठी माहिती दिली, ते घरबसल्या वाचता येतं. मंजूर करताना या कायद्याला मुदतही पाच वर्षांचीच घातली, संसदेने वाढवली नाही तर तो आपोआप संपेल अशी. असे कायदे जरा जास्त व्हावेत, असं मला कितीतरी बाबतींत वाटतं, पण त्यांची यादी वाचायला लागले तर निर्माते हात दाखवतील. नमस्कार.