पहिला पोल स्पिअर निवडताना

श्रोतेहो, नमस्कार. समुद्रात श्वास रोखून बुडी मारायची आणि हातातल्या भाल्याने मासा टिपायचा, असा एक छंद आहे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या भाल्याला पोल स्पिअर म्हणतात. हा भाला पहिल्यांदा विकत घेताना काय पाहावे, याविषयी आज बोलणार आहे. बडोद्याच्या श्रोत्यांना हा विषय विचित्र वाटेल, हे मी जाणतो. परंतु दांडिया बाजार असो वा रावपुरा, आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले आज ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये किंवा अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. आपण त्यांच्याकडे महिना-दोन महिने जातो, आणि तिथल्या किनाऱ्यावर नातवंडे हा छंद करताना दिसली की आपल्यालाही पाण्यात उतरावेसे वाटते. मीदेखील निवृत्तीनंतर मुलाकडे सिडनीला जाऊ लागलो, तेव्हाच हे शिकलो. आणखी एक कारण असे की, परदेशी जाणाऱ्या तरुणांना भाला भेट द्यावा अशी इच्छा असणारे पालक मला दुकानातला कोणता भाला चांगला, असे वारंवार विचारतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. हा भाला इथे, आपल्या परिसरात वापरण्यासाठी नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्त्यांमध्ये शिरल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्याला सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे खंभातचे आखात. तिथे मोठ्या उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक १० मीटरच्या आसपास जातो आणि गाळामुळे पाणी इतके गढूळ असते की आपलाच हात दिसत नाही. जामनगरजवळ कच्छच्या आखातात प्रवाळ आहे, परंतु तो भाग १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे शिकारीला पूर्ण बंदी आहे. तेव्हा पुढचे सारे बोलणे स्वच्छ पाण्याच्या आणि कायद्याने परवानगी असलेल्या किनाऱ्यांसंबंधी आहे, असे धरून चालावे.

पोल स्पिअरची रचना अगदी सोपी असते. एक लांब दांडा, त्याच्या पुढच्या टोकाला अणकुचीदार फाळ आणि मागच्या टोकाला रबरी नळीचा फास. हा फास अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात अडकवायचा, हात दांड्यावरून पुढे सरकवत रबर ताणायचे आणि दांडा मुठीत घट्ट धरायचा. मूठ सैल केली की ताणलेले रबर दांड्याला पुढे ढकलते. यात घोडा नाही, खटका नाही, बंदुकीसारखा कोणताही यांत्रिक भाग नाही. भाला सुटल्यावरही रबराने हाताशी बांधलेलाच राहतो, त्यामुळे तो हरवत नाही. मात्र याच कारणाने त्याची झेपही ठरलेली असते. रबर जेवढे ताणले असेल तेवढ्याच अंतरापर्यंत तो जोराने जातो. त्यापुढे पाणी त्याला लगेच थोपवते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते. म्हणून भाल्याच्या टोकापासून मासा साधारण एक मीटरच्या आत असेल, तरच नेम धरण्यात अर्थ आहे.

हे एक मीटर डोळ्यांनी मोजणे कठीण असते, आणि नवशिक्यांचे बहुतेक नेम इथेच चुकतात. मास्कच्या सपाट काचेतून पाण्याखालचे जग पाहताना प्रकाशकिरण वाकतात. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्यामुळे प्रत्येक वस्तू आहे त्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठी दिसते. दोन मीटरवरचा मासा दीड मीटरवर आहे असे भासते, म्हणून शिकणारा माणूस घाईने मूठ सोडतो आणि भाला माशापर्यंत पोहोचण्याआधीच मंदावतो. यावर अधिक शक्तिशाली भाला घेणे हा उपाय नाही. मासा बिचकणार नाही अशा संथ हालचालीने आणखी जवळ जाणे हाच उपाय आहे, आणि माझ्या मते पहिला भाला याच सवयीसाठी घ्यायचा असतो. तो हाताला पेलणारा, मनाप्रमाणे वळणारा आणि ताणून काही क्षण स्थिर धरता येणारा असावा. किती दूर जातो, हा प्रश्न दुसऱ्या भाल्याच्या वेळी विचारावा.

लांबीचा विचार इथूनच सुरू होतो. बाजारात दीड मीटरपासून तीन मीटरपर्यंतचे, म्हणजे पाच फुटांपासून दहा फुटांपर्यंतचे भाले मिळतात. आपल्याकडे माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात ज्यांनी लाठी फिरवली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको की हत्याराची लांबी फिरवणाऱ्याच्या उंचीशी आणि भोवतालच्या जागेशी जुळावी लागते. खडकांच्या कपारीत आणि उथळ पाण्यात लांब भाला अडचणीचा ठरतो. तो वळवायला वेळ लागतो, आणि पाण्यात आडवा फिरवताना होणारा विरोधही जास्त असतो. मोकळ्या, खोल पाण्यात मात्र मासा दुरूनच सावध होतो, तिथे लांबी उपयोगी पडते. नवशिका माणूस पहिली काही वर्षे किनाऱ्यालगतच्या खडकाळ भागातच वावरणार, हे उघड आहे. त्यामुळे सुमारे पावणेदोन ते दोन मीटर, म्हणजे सहा-साडेसहा फूट लांबी त्याला पुरेशी होते. अंगाने लहान असलेल्या व्यक्तीने किंवा शाळकरी मुलाने त्याहून आखूड घेतला तरी हरकत नाही.

लांबीशी जोडलेला दुसरा मुद्दा ताठपणाचा आहे, आणि बडोद्यासारख्या कारखान्यांच्या गावात तो समजावणे सोपे जावे. रबर दांड्याला मागून ढकलते. मागून दाब पडलेली सडपातळ काठी मध्ये वाकू पाहते, आणि हे वाकणे लांबीबरोबर झपाट्याने वाढते. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली तर वाकण्याआधी सोसता येणारा दाब चौथाईवर येतो. म्हणून लांब आणि लवचीक भाला सुटताना सापासारखा वळवळतो आणि नेम बाजूला जातो. दुकानात हे सहज तपासता येते. दांड्याचे एक टोक जमिनीवर ठेवून दुसऱ्या टोकावर तळहाताने हलका दाब द्यावा. मधोमध लगेच धनुष्यासारखी कमान झाली तर तो भाला परत ठेवावा.

हा ताठपणा मुख्यतः दांड्याच्या सामग्रीवर अवलंबून असतो. फायबरग्लासचा दांडा सर्वांत स्वस्त असतो, खडकावर आपटला तरी लगेच मोडत नाही, खाऱ्या पाण्याने गंजतही नाही. परंतु तो तुलनेने लवचीक असतो, आणि वरचा थर झिजला की काचेचे सूक्ष्म तंतू तळहातात रुततात, म्हणून हातमोजा हवाच. अ‍ॅल्युमिनियमची नळी अधिक ताठ आणि हलकी असते. एकदा जोराने खडकावर वाकली की मात्र ती पूर्ववत सरळ होत नाही. कार्बन फायबरचा भाला हातात धरताच मोह पडतो, इतका तो हलका आणि ताठ असतो. त्याची किंमत साध्या भाल्याच्या कितीतरी पट असते, आणि शिकण्याच्या काळात भाला माशापेक्षा खडकावरच अधिक आदळत असल्यामुळे हा खर्च मला अनाठायी वाटतो. आखूड लांबीत फायबरग्लासचा लवचीकपणा फारसा जाणवत नाही, म्हणून सहा फुटांच्या आतबाहेरचा भाला घेणाऱ्याने तोच घ्यावा. सात फुटांकडे झुकणाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमचा विचार करावा.

आपल्यासारख्या प्रवाशांना दोन किंवा तीन तुकड्यांत उघडणारा भाला सोयीचा पडतो. हे तुकडे आट्यांनी जोडलेले असतात आणि दुर्लक्षही तिथेच होते. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत पोलादाचा आटा बसवलेला असेल, तर दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र भिजल्यामुळे अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते आणि सांधा असा जाम होतो की पान्ह्यानेही सुटत नाही. प्रत्येक वेळी पाण्याबाहेर आल्यावर सांधे उघडून गोड्या पाण्याने धुवावेत, वाळवावेत आणि आट्यांना किंचित ग्रीस लावावे. फाळाच्या आट्याचे मापही खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे. काही भाल्यांना ६ मिलिमीटरचा, काहींना ५/१६ इंचाचा आटा असतो, आणि एकाचा फाळ दुसऱ्यावर बसत नाही.

फाळाचे प्रकार पुष्कळ आहेत, पण नवशिक्याला त्यातले तीन माहीत असले की पुरे. पहिला तीन सळ्यांचा. त्याचा विस्तार मोठा असल्यामुळे नेम थोडा चुकला तरी एखादी सळई लागते, आणि लहान, मऊ मांसाच्या माशासाठी तो योग्य असतो. मात्र सळ्या खडकावर वाकतात आणि टणक खवल्यांचा मोठा मासा त्यातून निसटून जखमी अवस्थेत पळतो. दुसऱ्या प्रकारात एकच टोक असते आणि त्यामागे बिजागरीवर एक छोटी पट्टी असते. टोक माशातून आरपार गेले की पट्टी उघडते आणि मासा मागे घसरत नाही. तिसरा स्लिप टिप, म्हणजे माशात शिरल्यावर दांड्यापासून सुटणारे आणि तारेने जोडलेले टोक. ते मोठ्या, जोरकस माशांसाठी आहे, त्याचा विचार सध्या करू नये. माझी शिफारस तीन सळ्यांच्या फाळाने आरंभ करण्याची आणि नेम बसू लागताच पट्टीच्या फाळाकडे वळण्याची आहे, कारण जखमी होऊन निसटलेला मासा ही या छंदातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. म्हणूनच नेम धरावा तो डोळ्याच्या किंचित मागे आणि कल्ल्याजवळच्या पराच्या वर, आणि मासा हाती येताच सुरीने त्याचा शेवट तत्काळ करावा.

रबराविषयी विक्रेता सहसा काही सांगत नाही, म्हणून मी सांगतो. फास जाड असेल तर जोर अधिक मिळतो, परंतु तो ताणून धरणारी मूठ काही क्षणांतच थरथरू लागते. आणि मासा नेमका तेव्हाच कपारीबाहेर येतो. दुकानातच रबर पूर्ण ताणून सावकाश वीसपर्यंत मोजावे, मूठ स्थिर राहिली तर ते रबर आपले. त्या वेळी फाळ काढून ठेवावा आणि दांड्यासमोर कोणीही उभे नसावे, हे सांगायला नकोच. लेटेक्सचे रबर उन्हाने आणि मिठाने चिरते. त्यावर बारीक भेगा दिसताच ते बदलावे, कारण ताणलेले रबर तुटले की थेट चेहऱ्यावर येते.

कायद्याचे भान खरेदीपूर्वीच ठेवावे लागते. बहामा बेटांवर भाल्याच्या बंदुकीला बंदी आहे, तर हाताने ताणायच्या भाल्याला, तोही श्वास रोखून बुडी मारणाऱ्याला, परवानगी आहे. सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्यात आहे, तिथे मासेमारीचे शुल्क भरावे लागते आणि पाठीवर हवेची टाकी घेऊन मासे टिपता येत नाहीत. तिथला निळा ग्रोपर हा राज्याचा अधिकृत मासा आहे. तो निर्भयपणे पाणबुड्यांच्या अगदी जवळ येतो, आणि त्याला भाल्याने मारणे गुन्हा आहे. नवशिक्याला सर्वांत सोपा वाटणारा मासाच निषिद्ध असावा, हा तिथल्या समुद्राचा खट्याळपणा म्हणावा. रेड मॉरवाँग हा खडकाजवळ जागा धरून राहणारा मासा मात्र तिथे पुष्कळजण टिपतात. ज्या किनाऱ्यावर जाणार तिथले किमान आकाराचे आणि संख्येचे नियम आधी वाचून घ्यावेत.

पाण्यात एकट्याने कधीही उतरू नये; एक खाली असताना दुसऱ्याने वर राहून त्याच्यावर लक्ष ठेवावे. बुडीपूर्वी जोरजोराने, भराभर श्वास घेण्याची युक्ती कोणी शिकवली तर ती मानू नये. तसे केल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना उशिरा मिळते आणि प्राणवायू संपून माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो. लाल बाग तरण तलावात सफाईने पोहणाऱ्यांनीही समुद्रातली बुडी प्रशिक्षकाकडूनच शिकावी.

आता प्रवासाचे. विमानात भाला हातातल्या सामानात चालत नाही. तो बॅगेत घालून सामान-खिडकीवर सोपवावा लागतो. तेव्हा भाला निवडताना त्याच्या सर्वांत लांब तुकड्याचे माप घ्यावे आणि ते आपल्या मोठ्या बॅगेच्या आतल्या कर्णाशी ताडून पाहावे. फाळ उतरवून जाड नळीत किंवा लाकडी बुचात खुपसावा आणि कपड्यांमध्ये मधोमध ठेवावा, म्हणजे बॅग तपासणाऱ्या माणसाच्या हाताला इजा होणार नाही. रबर मात्र ताणलेल्या किंवा मुडपलेल्या अवस्थेत न ठेवता सैल सोडून, कोरड्या कापडी पिशवीत घालून न्यावे. परत येताना भाला तिथेच मुलांकडे ठेवून आलात तर उत्तमच. फक्त तो सांधे उघडून, सावलीत आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर टांगायला सांगावे. नमस्कार.