हिकारूचा स्वतःचा डाव

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय एका जपानी ॲनिमेशन मालिकेबद्दल. नाव ‘हिकारू नो गो’. युमी होत्ता यांनी लिहिलेल्या आणि ताकेशी ओबाता यांनी चितारलेल्या चित्रकथेवरून ती तयार झाली. ऑक्टोबर 2001 ते मार्च 2003 या काळात जपानच्या दूरचित्रवाणीवर तिचे 75 भाग दाखवले गेले. या सगळ्या भागांत घडतं काय, तर दोन माणसं पटासमोर बसतात आणि सोंगट्या मांडतात. आणि तरीही उठवत नाही हो!

खेळ आहे ‘गो’. उभ्या 19 रेघा, आडव्या 19 रेघा. त्या छेदतात अशा 361 जागा. एकाकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या, आणि पहिली खेळी काळ्याची. एकदा ठेवलेली सोंगटी हलवायची नाही. चारी बाजूंनी कोंडी झाली, तरच ती उचलली जाते. ज्यानं जास्त मोकळी जागा वेढली, तो जिंकला. नियम एवढेच, पण त्यात आयुष्यं गेली आहेत लोकांची.

सहावीतला हिकारू आजोबांच्या कोठारात जुना पट शोधून काढतो, आणि त्या पटातलं भूत त्याच्या मानगुटीवर बसतं. हे भूत मात्र अगदी सज्जन. साई त्याचं नाव, हजार वर्षांपूर्वी सम्राटाला गो शिकवणारा. खेळात लबाडी केल्याचा खोटा आळ आला, म्हणून त्यानं जीव दिला. पण खेळायची हौस काही फिटली नाही. हिकारूच्या आधी तो असाच एका मुलाला भेटला होता. तो मुलगा पुढे होनिन्बो शुसाकू हा नामांकित गो खेळाडू झाला.

आता गंमत बघा. साई काल्पनिक, पण शुसाकू खरा. जन्म 1829. शोगुनच्या, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, किल्ल्यात होणाऱ्या मानाच्या सामन्यांत तो 19 डाव खेळला आणि 19 जिंकला. 1846 मध्ये, जेमतेम सतरा वर्षांचा असताना, तो गेन्नान इनसेकी या दिग्गजासमोर बसला. सुरुवातीला मागे पडला होता. मग त्यानं 127वी खेळी केली. असं सांगतात, की डाव बघत असलेले एक वैद्य म्हणाले, गेन्नान हरणार. का? तर त्या खेळीनंतर त्यांचे कान लाल झाले! वैद्यबुवांना गो फारसा कळत नव्हता. पण माणूस हादरलेला त्यांना कळला. शुसाकू तो डाव जिंकला. 1862 मध्ये एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, पटकीची साथ आली, रुग्णांची सेवा करता करता त्यालाही लागण झाली आणि तो गेला.

मालिकेची मेख याच वैद्यबुवांत आहे, असं मला वाटतं. प्रेक्षकाला पट वाचता येत नाही, हे ती धरूनच चालते. ती दाखवते चेहरे, आणि बोटं. मुरलेला खेळाडू सोंगटी तर्जनी आणि मधल्या बोटात धरून टक्कन टेकवतो. हिकारूला सुरुवातीला ती धड पकडताही येत नाही. पण साई सांगेल तिथे ठेवतो, म्हणून त्याच्याच वयाचा, कसलेला अकिरा हरतो, हादरतो आणि पाठलाग सुरू करतो. शाळांच्या स्पर्धेत गाठ पडते. अर्धा डाव साई खेळतो, आणि मग हिकारूला वाटतं, इथं मी असतो तर? तो आपल्या मनानं खेळतो. डाव कोसळतो. अकिरा रागानं ओरडतो, थट्टा चालवलीस का?

फजिती झाली, पण मालिका खरी सुरू होते ती इथून. मालिकेतल्या शुसाकूनं सगळे डाव साईला खेळू दिले होते. हा हट्टी पोरगा मात्र म्हणतो, मला खेळायचंय. साईसारखा गुरू आयता मिळालेला असताना! सुरुवातीचे भाग जरा रेंगाळतात, हिकारूचा आगाऊपणाही डोक्यात जातो, तेवढं सोसा. पुढे शिकाऊ खेळाडूंची व्यावसायिक होण्यासाठीची परीक्षा येते. आपल्याकडच्या कुठल्याही स्पर्धा परीक्षेला बसलेल्यांना ते भाग जास्तच लागतील.

प्रत्येक भागाच्या शेवटी युकारी उमेझावा ही खरीखुरी व्यावसायिक खेळाडू मुलांना थोडा थोडा गो शिकवायची. नवख्यांना सुरुवातीला 9 रेघांचा छोटा पट देतात. तो तुम्हाला वहीच्या पानावरही आखता येईल. सोंगट्यांना घरातले राजमा आणि पांढरे वाटाणे चालतील. राजम्यानं सुरुवात करायची.