लालबागेतला कातळ

(दृश्य: बंगळूर, लालबाग. सकाळचे साडेसहा. कातळावरून चालणारी माणसं.)

लालबागेत या वेळी पाय ठेवायला जागा नसते. कुणी धावतंय, कुणी डोळे मिटून प्राणायाम करतंय, दोन पोरं उतारावरून बूड टेकवून घसरताहेत. वर केंपेगौडांच्या काळचा बुरूज आहे, येणारा जाणारा त्याचे फोटो काढतो. आम्ही कॅमेरा खाली वळवला, पायांकडे.

हा खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा आहे.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. तो लाव्हा दख्खनवर पसरत होता तेव्हा लालबागेतला हा कातळ 290 कोटींहून जास्त पावसाळे खाऊन बसला होता. पावसाळे म्हणायचं ते आपल्या सवयीनं. त्यातला फार मोठा काळ तो जमिनीखाली खोल गाडलेला होता.

(दृश्य: कातळाचं जवळून दर्शन. ओल्या फडक्यानं पुसलेला दगड.)

पाणी लावून फडकं फिरवलं की तो बोलू लागतो. करडा पट्टा, मग पांढरा, पुन्हा करडा. पांढऱ्यात गारगोटी आणि फेल्डस्पार, करड्यात काळ्या अभ्रकाचे पापुद्रे. दोन रंगांची कणीक एकत्र मळून पुन्हा पुन्हा दुमडावी तसे हे पट्टे वळलेत. दगड असा वळतो तो फक्त खोलवर, प्रचंड उष्णतेत आणि दाबात. मराठीत याला पट्टिताश्म म्हणतात, भूवैज्ञानिकांच्या बोलण्यात नाइस. दक्षिण भारताचं बूड या नाइसचं आहे.

(दृश्य: जुना नकाशा. रंगीत पेन्सिलीच्या रेषा.)

हे खडक वाचणारे भूवैज्ञानिक, बी. पी. राधाकृष्ण. जन्म 1918, बंगळूर. 1937 साली, सेंट्रल कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या, ते म्हैसूर संस्थानाच्या भूविज्ञान खात्यात रुजू झाले. खडकाचं वय सांगणारं यंत्र तेव्हा इथं नव्हतं. हातोडा, होकायंत्र, भिंग, नकाशाची घडी आणि पाय, एवढंच सामान. कातळ दिसला की थांबायचं, थर कुठल्या दिशेला जातोय, किती अंशांनी कलतोय ते मोजायचं, ताजा तुकडा फोडून भिंगाखाली धरायचा, नकाशावर खूण करायची, पुढच्या कातळाकडे निघायचं. माझं ठाम मत आहे की खडकाचं पहिलं वाचन असंच, जागेवर उभं राहून होतं. प्रयोगशाळा नंतर येते.

(दृश्य: रामनगरचे डोंगर. दुपारचं ऊन.)

हे रामनगर, सिनेमावाल्यांच्या आवडीचं. इंग्रज अमदानीत याचं नाव होतं क्लोजपेट, म्हैसूरचे रेसिडेंट बॅरी क्लोज यांच्यावरून. गावाचं नाव बदललं, खडकाचं राहिलं: क्लोजपेट ग्रॅनाइट. राधाकृष्ण यांनी डॉक्टरेटसाठी हाच खडक घेतला, आणि 1956 साली त्यांचं काम ग्रंथरूपात आलं.

(दृश्य: ग्रॅनाइटमधले गुलाबी स्फटिक. शेजारी माणसाचा अंगठा.)

हे गुलाबी स्फटिक पाहा. अंगठ्याच्या पेराहून लांब, आणि बरेचसे एकाच दिशेला तोंड करून. शिलारस दाट होऊन वाहत असताना, ओढ्यात काटक्या प्रवाहाच्या दिशेनं वळतात तसे ते वळले आणि तिथंच थिजले. क्लोजपेटचा हा पट्टा दक्षिणेकडून उत्तरेकडे जवळपास 400 किलोमीटर पसरलाय, अरुंद आणि लांबच लांब. वय सुमारे 250 कोटी वर्षं. नाइस आधीचा, हा त्याच्यात घुसलेला.

मग त्याही आधी काय होतं?

समुद्राच्या तळाशी असतो तो बेसॉल्ट. काळा, जड. पाणी मुरलेला असा बेसॉल्ट खोल जाऊन तापला की सगळाच्या सगळा वितळत नाही. त्यातला हलका, गारगोटीच्या अंशानं भरलेला भाग आधी सुटतो आणि वर येतो. दुधावर साय धरावी तसा. जड उरतं ते खाली राहतं. हा हलका रस थिजला, दबला, वळला, की त्याचा होतो करडा नाइस. साय पुन्हा तापली, तीही थोडी वितळली, कवचाखालच्या थरातून, प्रावरणातून, नवा रस येऊन मिसळला, की क्लोजपेटसारखा गुलाबी ग्रॅनाइट. खंड असं तयार होतं. हलकं आहे म्हणून बुडत नाही, बुडत नाही म्हणून टिकतं.

(दृश्य: चित्रदुर्गजवळ मरडिहळ्ळी. उशांसारखे गोल दगड.)

आणि समुद्र होता याचा पुरावा हा. एकावर एक रचलेल्या उशा. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की वरून लगेच गोठतो, आतून फुगतो, आणि अशी उशी बनते. आजूबाजूला ज्वारीची धाटं, कोरडा वारा. आणि पायाखाली समुद्रतळ.

(दृश्य: बाबाबुदन डोंगरांचा पायथा, कल्दुर्ग. गोटे रुतलेला खडक.)

इथं एक जुना वाद उभा होता. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकात धारवाड खडकांना, म्हणजे इथल्या काळ्या लाव्ह्याच्या आणि गाळाच्या थरांना, नाव दिलं आणि नाइस त्यांच्याखालचा, जुना मानला. पुढे म्हैसूरच्या खात्यातल्या डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी उलट मांडलं: धारवाड आधीचे, नाइस नंतर घुसलेला. हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणणाऱ्यांत राधाकृष्ण होते. या खडकात बोट ठेवा. हा गोटा नाइसच्या कुळातला आहे. नदीनं झिजवून गोल केलेला, आणि धारवाडच्या थरात येऊन पडलेला. धारवाडचा थर साचत होता तेव्हा नाइसचे डोंगर उभे होते आणि झिजतही होते. मात्र याच नाइसच्या पोटात अजून जुन्या खडकांचे तुकडेही सापडतात. त्यांना आज सरगूर गट म्हणतात. दोन्ही बाजूंनी डोळ्यांना दिसलं ते खरंच होतं. काळे खडक दोन पिढ्यांचे होते, आणि नाइस मधला.

(दृश्य: कब्बाळदुर्ग. खाणीची उभी भिंत.)

भूवैज्ञानिक सी. एस. पिचमुथू यांनी 1960 साली जगासमोर आणलेली ही जागा. करड्या नाइसवर तेलाचा डाग पसरावा तसे हिरवट काळे चट्टे. हा चार्नोकाइट. खोलवरून कार्बन डायऑक्साइडनं भरलेले द्रव फटींतून वर आले, त्यांनी पाणी हुसकलं, आणि खडकाची खनिजं बदलली. जिथं द्रव पोचला नाही तिथं पट्टे जसेच्या तसे. अर्धा खडक जुना, अर्धा नवा, आणि मधली सीमा हाताच्या पंजाखाली मावते.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचपट्टीवरचा दगडाचा काप.)

हा काप 0.03 मिलिमीटर जाडीचा. उजेड आरपार जातो. वयाचं काम अणूंवरून होतं: 1980 साली हासनजवळच्या गोरूरच्या नाइसचं वय रुबिडियम आणि स्ट्राँशियम या मूलद्रव्यांवरून मोजलं गेलं आणि 336 कोटी वर्षं निघालं. 1986 मध्ये राधाकृष्ण यांनी हैदराबादच्या एस. एम. नक्वींसोबत भारताच्या या प्राचीन कवचाचा सगळा पट एका लेखात मांडला.

(दृश्य: कपाटातले नियतकालिकाचे अंक.)

1958 साली बंगळुरात जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. पहिले अध्यक्ष डी. एन. वाडिया, उभारणी राधाकृष्ण यांची. संस्थेच्या नियतकालिकाचं संपादन त्यांनी वर्षानुवर्षं केलं. आपल्या खडकांवरचं संशोधन आपल्याकडे छापलं जावं, हा आग्रह. 1965 ते 1974 ते म्हैसूरच्या खात्याचे संचालक होते. खनिजं, भूजल, सगळीकडे त्यांचा हात लागला. 1991 साली पद्मश्री. 2012 च्या 26 जानेवारीला ते गेले.

(दृश्य: दगडाचा कारखाना. हिऱ्याची वायर ब्लॉक कापतेय.)

क्लोजपेटचा गुलाबी स्फटिक इथं अठरा मिलिमीटरच्या फरशीत मधोमध चिरला जातो. एका खाणीत आम्हाला विचारलं, दगडात शूटिंग करण्यासारखं काय आहे? आम्ही बोट दाखवलं तो पट्टा पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिथं नव्हता. कब्बाळची भिंत खाणीनंच उघडी केली, हे खरं. म्हणून तर कुठली भिंत ठेवायची हे सुरुंग लावायच्या आधी ठरायला हवं.

(दृश्य: पुन्हा लालबाग. संध्याकाळ. उतारावर मुलं.)

1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी जमिनीत भोक पाडलं. 338 मीटर सगळा आपला काळा पाषाण. मग थोडा जुना गाळ. आणि त्याखाली नाइस. याच जातीचा, ज्यावरून ही पोरं आता घसरताहेत.