जपानमध्ये प्रवेश: टीसीएसने भागीदार का निवडला

टोकियो स्थानकातून बाहेर पडणारी ही सकाळची गर्दी मारुनोउचीतील कार्यालयांकडे निघाली आहे. मित्सुबिशी कॉर्पोरेशन या बड्या व्यापारी कंपनीचे मुख्यालय याच भागात आहे. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, म्हणजे टीसीएसने, जपानमध्ये पाय रोवण्यासाठी २०१४ मध्ये ज्या कंपनीशी भागीदारी केली, ती हीच.

टीसीएस जपानमध्ये आली ती मात्र १९८७ मध्ये, आणि एकटी. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये जी पद्धत यशस्वी ठरली होती, की थोडे अभियंते ग्राहकाजवळ ठेवायचे आणि बाकीचे काम भारतातून करून द्यायचे, ती इथे अडखळली. ग्राहकाच्या गरजांची टिपणे, चाचण्यांचे अहवाल, रोजचा पत्रव्यवहार असे सारेच जपानी भाषेत होते. शिवाय मोठ्या जपानी कंपन्या सॉफ्टवेअरचे काम वर्षानुवर्षे ओळखीच्या स्थानिक कंपनीकडे सोपवतात, ती कंपनी त्यातील भाग दुसरीला देते आणि दुसरी तिसरीला. या उतरंडीत बाहेरून आलेल्याच्या वाट्याला बहुधा तळाची जागा येते. प्रस्ताव बैठकीत मांडण्याआधी संबंधित प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून त्याची संमती मिळवण्याची इथली रीत आहे, आणि ती पाळायची तर रोज समोर बसणारा, भाषा जाणणारा माणूस हवा. कमी खर्च हा भारतीय कंपन्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा अशा ठिकाणी एकट्याने पुरा पडत नाही.

अशा कंपनीपुढे मार्ग कोणते असतात? स्थानिक विक्रेता नेमला, तर ग्राहक त्या विक्रेत्याचाच राहतो. एखादी जपानी कंपनी पूर्ण विकत घेतली, तर मालकी मिळते; पण जिथे लोक दीर्घकाळ एकाच संस्थेत नोकरी करतात, तिथे मालक परका झाल्यावर अनुभवी अभियंत्यांचा आणि ग्राहकांचा विश्वास टिकेलच असे नाही, आणि खरेदीच्या किमतीत तो विश्वास मिळत नाही. टीसीएसने आधी मित्सुबिशीबरोबर निप्पॉन टीसीएस सोल्यूशन सेंटर हा मर्यादित संयुक्त उपक्रम केला. मग १ जुलै २०१४ रोजी तो उपक्रम, टीसीएसची जपानी शाखा आणि मित्सुबिशीची आयटी फ्रंटिअर ही कंपनी, अशा तिघांचे एकत्रीकरण झाले. टीसीएसकडे ५१ टक्के, मित्सुबिशीकडे ४९. बातम्यांत ५१ या आकड्याची चर्चा अधिक झाली. आमच्या मते महत्त्वाचा आकडा ४९ आहे, कारण जवळजवळ निम्मा वाटा हाती असल्यामुळे या व्यवसायाच्या यशात मित्सुबिशीचेही हित गुंतले.

टाटा आणि मित्सुबिशी या नावांची गाठ मुंबईच्या कापसाने फार पूर्वी घातली होती. जुन्या छायाचित्रांतील या गोदीतून कापूस आणि सूत पूर्वेकडे जाई, आणि त्या मार्गावरील वाहतुकीवर ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीची पकड होती. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीशी बोलले. या कंपनीच्या जन्मातच मित्सुबिशीचा जहाजव्यवसाय सामील होता. जपानी कंपनीने जोखीम एकटीने घेण्यास नकार दिला, म्हणून टाटांनी स्वतःच्या जबाबदारीवर जहाजे भाड्याने घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोबेहून मुंबईसाठी जपानी जहाज सुटले. पी अँड ओने दर कोसळवले, सवलतींच्या मोहाने मुंबईचे व्यापारी मागे फिरले आणि टाटांची सेवा थोड्याच काळात बंद पडली. जपानी कंपनीची सेवा मात्र टिकली. परक्या बाजारात जोखीम वाटून घेण्याचा विचार टाटांनी तेव्हाही केला होता, याची नोंद आवर्जून घ्यायला हवी.

आता पुणे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे, आणि या शहरात जपानी शिकवण्याची परंपरा त्याहूनही जुनी आहे. २०१५ मध्ये टीसीएसने खास जपानी ग्राहकांसाठीचे केंद्र पुण्यात सुरू केले, ते याच परंपरेच्या आधारावर. वर्गात बसलेले हे तरुण अभियंते भाषेबरोबरच जपानी कामाची शिस्तही शिकत आहेत: अहवाल कधी द्यायचा, अडचण दिसताच कोणाला कळवायची, बैठकीत आधी कोणी बोलायचे. करारावर सह्या करणाऱ्यांइतकेच श्रेय यांना आणि यांच्या शिक्षकांना आहे, असे आम्ही मानतो, कारण भागीदाराने उघडून दिलेल्या दारातून रोज आत जाऊन काम करायचे ते यांनीच.

नफा वाटून घ्यावा लागला, ही या मार्गाची उघड किंमत होती. २०१९ मध्ये टीसीएसने आपला वाटा ६६ टक्क्यांवर नेला. मित्सुबिशी भागीदार म्हणून कायम राहिली.